सगळ्यात हळू तो पुढे

रोज सकाळी कामावर जाण्याआधी काका मोटारसायकलला किक मारायचे. इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत हँडलवर हात ठेवून उभे राहायचे, मग चावी काढून पायीच निघायचे. हॉस्पिटलची लाँड्री मागच्याच गल्लीत होती.

"फिरवत नाही कुठं, नुसतं खोकायला लावता तिला," काकू आतून म्हणायच्या.

"बंद पडू नये म्हणून गं."

लाँड्रीत दिवसभर ओल्या चादरी ओढायच्या, झटकायच्या, गरम रोलरखाली सरकवायच्या. संध्याकाळी काका परतत तेव्हा त्यांची बोटं सुरकुतलेली असत आणि वाक्याचा शेवटचा शब्द तोंडातच राहून जाई. रविवारी दोघं मित्र आपापल्या मोटारसायकलवर येऊन दारात हॉर्न वाजवायचे. एक शिंपी, दुसरा गवंडी. गवंड्याला उंचीमुळे सगळे लांब्या म्हणत. काका खिडकीतूनच हात हलवायचे. "आज नको रे, अंग आंबलंय. पुढच्या रविवारी."

तिघांचा तरुणपणापासूनचा एक नियम होता. सगळ्यात हळू चालवणारा पुढे, म्हणजे कुणी मागे सुटत नाही. शिंपी भित्रा, म्हणून तो पुढे. मध्ये काका. लांब्याला वेगाची भारी हौस, म्हणून तो कायम शेवटी.

एका संध्याकाळी लांब्या लाँड्रीच्या दाराशी आला. चादरींच्या टेबलावर त्याने डावा हात ठेवला. मूठ अर्धीच मिटत होती.

"नस गेलीय. थोड्या दिवसांनी क्लचही दाबता येणार नाही म्हणाले डॉक्टर. गाडी विकायला काढतोय."

"कधी?"

"तुझा तो पुढचा रविवार उजाडला की."

त्या रविवारी काका उठले. डोळे तांबारलेले, बूट उलटसुलट घालून पुन्हा बदललेले. टेकडीवरच्या तळ्याला जायचं ठरलं. सवयीने शिंप्याने गाडी पुढे काढली, तसं चौकात काकांनी त्याला थांबवलं.

"आज हा पुढे."

"मी?" लांब्या म्हणाला. "मला मागेच बरं वाटतं."

"हात कुणाचा दुखतोय? नियम तो नियम."

ते इतके हळू गेले की सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जात होते. "मी शिवतो याहून वेगात," शिंपी मागून ओरडत होता. वर पोचल्यावर लांब्या बराच वेळ हेल्मेट न काढता गाडीवरच बसून राहिला.

"इतकी वर्षं तुमच्या पाठीच बघत आलो," तो म्हणाला. "समोर नुसता रस्ता असला की असं वाटतं होय?"

"आमच्या पाठी काय वाईट होत्या?" शिंपी म्हणाला.

काका तळ्याच्या कठड्याला टेकून झोपी गेले होते. दोघांनी त्यांना उठवलं नाही, उन्हं कलेपर्यंत शेजारी बसून राहिले.

उतरताना वळणांवर क्लच पुरता दाबला जाईना, लांब्याची गाडी बंद पडू लागली. टेकडीच्या पायथ्याशी तो थांबला. उजव्या हाताने डावी बोटं चोळत राहिला, मग चावी काढून खिशात टाकली. गाडी उद्या टेम्पोत घालून आणू, असं शिंपी हळूच म्हणाला.

काकांनी आपल्या गाडीला किक मारली आणि मागची सीट बाहीने पुसली.

"बस. आणि वाटेत झोपू नकोस हां, मी एकटाच पेंगतोय तेवढं पुरे."