फुलवंताचा तीन नंबर

आमगावात बावीस वर्षांत सात भाड्याच्या खोल्या बदललेल्या बाईला घर म्हणजे काय, हे कोणी शिकवू नये. फुलवंताला तर मुळीच नाही. पाहुण्यांनी किती दिवस राहायचं, नळावर किती बादल्या भरायच्या, भिंतीत खिळा ठोकायचा की नाही, हे सगळं आजवर घरमालकांनी ठरवलं. आता आपलं आपण ठरवायचं, या एका हट्टापायी ती आणि तिचा नवरा बकाराम, राइस मिलमधला हमाल, भर वैशाखात गावाबाहेर प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटवर येऊन उभे राहिले होते.

दलाल इंद्रकुमार गोंदियाचा, जिभेवर खडीसाखर. "भाभीजी, चौदा नंबर देखो. पूर्वमुखी, सामने रोड. कल तक बयाना नहीं दिया, तो गया समझो!"

बकारामचा हात खिशाकडे गेलासुद्धा. फुलवंता मात्र चहूकडे बघत राहिली. मुरूम टाकून जमीन सपाट केलेली, बांध-धुरे मोडलेले, पांढरे दगड रोवलेले. पण नाल्याचं वळण कोण बुजवणार? तिला जागा ओळखू आली. ही तर शालीकराम पटेलची खोल बांधी, भाताचं खाचर! वीस पावसाळे तिनं इथं वाकून धानाची रोवणी केली होती.

"इथं तं घुटन्याएवढं पाणी राह्यते, भाऊ. पोळ्यापर्यंत हटत नाही."

"अब मुरूम डाला है ना, भाभीजी."

"मुरूम टाकला म्हणून पाणी कुठी जाईन? वरच्या साऱ्या बांध्याइचं इथंच उतरते."

आणि ती तरातरा चालत पार कडेच्या तीन नंबरपाशी गेली. तिथं दगडगोट्यांचा उंचवटा होता. रोवणीच्या बाया शिदोरी खायला तिथंच बसायच्या, कारण भर पावसात बूड टेकायला तेवढीच कोरडी जागा. "मले हा पायजे," ती म्हणाली. इंद्रकुमार हसला. तीन नंबर दक्षिणमुखी होता आणि फुकटातही कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

घरी रणकंदन माजलं. जावई देवेंद्र मोबाइलवर वास्तूचे नकाशे दाखवू लागला. बकाराम तर पेटलाच. "दक्षिणेचं दार म्हणजे यमाचं दार! दलालापेक्षा तुले जास्त समजते का?"

"सातही खोल्याइचं तोंड पूर्वेलेच होतं. कोणती लक्ष्मी आली जी?"

"मंग राह्य तिथं एकटी!"

"राहीन," असं म्हणून ती भात ढवळू लागली. पुढे तीन आठवडे नवरा-बायकोत अबोला होता.

त्या तीन आठवड्यांत तिनं काय केलं? सातबारा काढला, कोणाचं नाव आहे ते बोट ठेवून वाचलं. जमीन अकृषक झाल्याचा आदेश मागितला. मोजणीचा नकाशा आणला आणि खुणेचे दगड खरंच जागेवर आहेत का, ते टेप लावून बघितलं. कागद हातात पडेपर्यंत बयाना दिला नाही. आणि तीन नंबरच्या रजिस्ट्रीत पहिलं नाव स्वतःचं घालायला लावलं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बकारामनं खाली सही केली.

श्रावणात चौदा नंबर तळं झाला. तो एका कंपाउंडरनं घेतला होता, त्याच्या रचून ठेवलेल्या विटा पाण्याखाली गेल्या. फुलवंताला त्याचा आनंद झाला नाही, इंद्रकुमारची चीड आली. बकाराम आला, काठावरून पाणी बघितलं आणि परत गेला. नवऱ्याची जात! पाणी दिसलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जमीन वाळली. त्यावर पुन्हा मुरूम पडला, आणि इंद्रकुमार पंधरा नंबर दाखवायला प्रिया नावाच्या नव्या शिक्षिकेला घेऊन आला. फुलवंता आपल्या अर्ध्या बांधलेल्या घरातून ओरडली, "मॅडम, त्या जाग्यात पाणी साचते!"

"उसपे ध्यान मत दो, मैडम," इंद्रकुमार म्हणाला. "अनपढ़ मजदूर औरत है, उसको प्लॉट का क्या समझेगा?"

भिंतीवर पाणी मारणाऱ्या बकारामनं पाइप फेकला आणि तो परांचीवरून धडाधड खाली उतरला. "तिले नाही समजत, तं कोणाले समजते? वीस साल ह्या चिखलात तिचे पाय होते, तुह्ये नव्हते! मी मूर्ख, तुह्या बोलण्यावर बयाना देऊन राह्यलो होतो." मग तो शिक्षिकेकडे वळला. "मॅडम, घर बांधाचं असंन तं हिले विचारा. घरात आमी कोणीच नाही आयकलं. तुमी आयका."

फुलवंताला भरून आलं. वीस वर्षं मजुरीचा रोज मिळाला होता, हे कधी मिळालं नव्हतं. डोळे पुसायला तिनं वेळ घालवला नाही. पदर खोचला आणि इंद्रकुमारच्या नाकासमोरून ती शिक्षिकेला घेऊन नाल्याकडे निघाली.

"चला मॅडम, पाणी कुठून येते ते आधी पाहा."