बाल्कनीतली कवायत

भूकंपानंतरच्या वर्षी शैलजानं जपानात, फुनाबोरीत बिऱ्हाड थाटलं. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा इथपासून तिला सगळं शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या ओकुदाबाईंनी. बाईंचे यजमान सुतार. समोरच्याच इमारतीच्या कामावर होते. रोज सकाळी तिथे बांधकाम कंपनीचा मुकादम शिट्टी फुंकी, कंपनीची हेल्मेटं घातलेले कामगार रांगेत कामाआधीची कवायत करत, आणि वर बाल्कनीत शैलजाची छोटी लेक मैत्रेयी त्यांची हुबेहूब नक्कल करी. शैलजा हौसेनं व्हिडिओ काढी.

पुढे ओकुदा आजारपणात गेले. त्यांच्या संघटनेच्या पेन्शन फंडानं कंपनीवर दावा ठोकला, की या माणसांची वर्गणी तुम्ही भरलीच नाही. कंपनीनं हात वर केले. म्हणे, ही आमची माणसंच नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार! बाईंची पेन्शन तिथेच अडली. आणि शैलजाचा नवरा शैलेंद्र नेमका त्याच कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. ही माणसं कंपनीच्याच मुकादमाच्या हुकमात होती याचा पुरावा मैत्रेयीच्या व्हिडिओत आहे, तो बाईंना देऊ का, असं शैलजानं त्याला विचारलं.

"दे तो व्हिडिओ, आणि लाग बॅगा भरायला," तो म्हणाला. "आपला व्हिसा त्यांच्याच नोकरीवर आहे, बाईसाहेब!"

पुढे बाईंनीच जिन्यात अवघडत विचारलं, "मैत्रेयीच्या व्हिडिओत मागे आमची माणसं दिसत असतील का हो?" तेव्हा व्हिसाच्या भीतीनं शैलजा पटकन बोलून गेली, "फोन बदलला ना, गेले सगळे."

दुसऱ्या दिवशी बाई मिठाईचा खोका घेऊन दारात. "काल तुम्हाला उगाच अडचणीत टाकलं, शैलजा-सान. माफ करा," म्हणत कमरेत वाकल्या. मैत्रेयीनं "ओइशी, ओइशी", म्हणजे मस्त, मस्त करत वड्यांवर ताव मारला. शैलजानं एकही उचलली नाही.

शेवटी ती फोन घेऊन खाली गेली. शैलेंद्रला काय सांगायचं ते अजून सुचलं नव्हतं.

"मी खोटं बोलले. हा घ्या, वकिलांना द्या."

बाईंनी चष्मा लावला. शिट्टी, रांग, मुकादम, सगळं होतं. पण त्यांचं बोट भलतीकडेच गेलं.

"हे बघा, हे! पोट आडवं येतंय, वाकायचं नाव नाही. नुसते हात हलवतायत, लबाड कुठले!" त्या खुदकन हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. "त्यांचे नुसते फोटोच आहेत हो माझ्याकडे. असे हलताना... पुन्हा लावता?"

शैलजानं पुन्हा लावला. बाईंकडे बघायचं मात्र तिला धाडस होईना.