पंधरा मिनिटांचा फॉर्म

नातवंडांनो, हे मराठीत लिहिते आहे, कारण जिची ही गोष्ट आहे ती माझ्याशी मराठीतच भांडायची. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण मग ती फार सभ्य वाटली असती. आईला मोठ्याने वाचायला सांगा. पुढच्या महिन्यात मी वसतिगृहाच्या सचिवपदावरून मोकळी होते आहे. कपाटातल्या फायली लावून झाल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लागली, तरी चार दिवस मला चैन नाही. कारण ती कुठल्याच फायलीत नाही.

ऑफिसात शिरली की ती आधी टेबलाची कड चाचपायची, मग कॉम्प्युटरचा पडदा. दोन्ही हातांनी धरून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायची आणि म्हणायची, "चलो काकू, आता आपण बरोबरीच्या."

तिला दिसत नव्हतं. कॉलेजात असतानाच नजर गेली होती. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात नीट चालत नाहीत, अशांना एखादी वेबसाइट वापरता येते की नाही ते तपासायचं आणि येत नसेल तर दुरुस्त करून घ्यायची, हे तिचं काम. बाहेरगावच्या कंपन्यांची कामं ती आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात आपल्या खोलीवर बसून करायची. बसून असं आपण म्हणायचं. मी तिला पाच मिनिटं एका जागी पाहिली नाही. कीबोर्ड लोखंडी कपाटावर ठेवून ती उभ्यानेच टाइप करायची आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायची.

चेरीतालच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाने प्रवेशाचा फॉर्म वेबसाइटवर आणला, तेव्हा ती आपणहून आली. "फुकट तपासते," म्हणाली, "पण माझं ऐकावं लागेल." मी म्हटलं, ऐकीन की. ऐकणं सोपं असतं अशी माझी समजूत होती.

पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा एक आवाज तिच्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो इतका भरधाव बोलायचा की मला कुकरची शिट्टी अडकल्यासारखं वाटायचं. मी कपाळाला हात लावला की ती वेग कमी करायची आणि विचारायची, "एवढं हळू कसं ऐकता हो काकू? झोप नाही येत?"

आमच्या वेबसाइटवर वसतिगृहाचे अकरा फोटो होते. तिच्या आवाजाने त्यांचे नुसते आकडे वाचले. "हे काय, कैदी आहेत का?" ती म्हणाली. "प्रत्येक फोटोत काय आहे ते दोन ओळींत लिहा. मला फोटो नाही दिसत, तुमच्या ओळी ऐकू येतील."

तीस वर्षं मुलींना निबंध शिकवलेली बाई मी. पदर खोचून बसले. "प्रसन्न सकाळी हसतमुख मुलींनी गजबजलेलं अंगण," असं पहिल्या फोटोखाली लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"अंगणात पायऱ्या आहेत का?"

"तीन आहेत."

"कठडा?"

"डाव्या हाताला."

"मग ते लिहा ना. मुली हसून राहिल्या की रडून राहिल्या, ते मी आल्यावर ऐकीन."

वेबसाइट बनवणारे गृहस्थ गोरखपुरातलेच, दुकानदार माणूस. कुठल्याशा यंत्राकडून त्यांनी आमची वेबसाइट तपासून घेतली आणि छापील अहवाल घेऊन आले. "दीदी, सौ में सौ! अब तो खुश?"

"सौ में सौ? वा. चलो, भैया, भरके दिखाओ." पडदा भिंतीकडे गेला आणि माउस तिच्या पर्समध्ये.

भैयाजी नाव भरून जन्मतारखेपर्यंत पोहोचले. तिथे माउसने उघडायचं एक कॅलेंडर होतं. आवाज म्हणू लागला, बटण. बटण. बटण. भैयाजी आधी हसले, मग घामाघूम झाले, शेवटी म्हणाले, "इसमें तो मैं पैदा ही नहीं हो पाऊँगा." ती भिंतीला टेकून मनापासून हसली. पण माणूस चांगला. आठ दिवसांत त्यांनी तारीख नुसती टाइप करता येईल असं केलं आणि तिने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टीही नीट केल्या. तिने आभार मानले नाहीत. "आता चालतंय," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट मात्र नीट झाली नाही, आणि ती माझी होती. फॉर्म उघडल्यापासून पंधरा मिनिटांत पूर्ण केला नाही तर तो बंद व्हायचा आणि लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. हा नियम मी मुद्दाम ठेवायला लावला होता. मनगटावरच्या घड्याळावर मी स्वतः फॉर्म भरून पाहिला होता. सात मिनिटं लागली. दुप्पट करून वर एक मिनिट दिलं आणि स्वतःला उदार समजले.

भैयाजींकडच्या मर्यादा नसलेल्या नमुन्यावर तिला बावीस मिनिटं लागली. ती तर त्या कामात तरबेज.

"काकू, पंधराच मिनिटं काहून?"

"शिस्त नको का? मुली फॉर्म उघडून ठेवतात आणि गप्पा मारत बसतात."

"उघडा राहिला तर तो तुमचं काय खाऊन राहिला?"

मला राग आला. वेळेत काम करणं हे मी आयुष्यभर शिकवलं होतं. म्हणून जे बोलायला नको ते बोलले. "अशा मुली इथे येणार तरी किती गं?"

तिची चुळबूळ थांबली. तेवढीच एकदा मी तिला स्तब्ध पाहिली. "येतील कशा, काकू?" ती म्हणाली. मग चपला शोधल्या, काठीची घडी उघडली आणि जिना उतरून गेली.

मी समितीला लिहून दिलं की सर्व दुरुस्त्या पूर्ण झाल्या आहेत.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी फॉर्म संध्याकाळी पाचपर्यंतच घ्यायचे होते. अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. शहराबाहेरच्या शहपुऱ्याची मुलगी होती. तिला दिसत नव्हतं. शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण रोज येणं-जाणं घरचे करू देणार नव्हते. वसतिगृहात जागा मिळाली तरच शिक्षण, नाहीतर नाही. "मैडम, चार बार भरा. आधे में सब मिट जाता है. मैं क्या गलत कर रही हूँ?"

तुझं काही चुकत नाही, हे मला त्या क्षणी म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "तू बोलती जा, मैं भर देती हूँ."

तिने विचारलं, "मैडम, पाँच बजे तक और कोशिश कर लूँ?"

मी गोरखपूरला फोन लावला. भांडण झाल्यापासून महिनाभर बोलणं नव्हतं. ऐकून घेतल्यावर ती फक्त "येते" म्हणाली आणि अर्ध्या तासात ई-रिक्षाने हजर झाली. पडदा फिरवला. खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. भरा."

मी भरू लागले. आवाज अगदी हळू ठेवला होता, तरी एक रकाना हुकला की मागे जावं लागे, आणि मागे गेलं की आपण कुठे होतो ते कळेना. पालकांच्या पत्त्यापर्यंत आले आणि आवाज म्हणाला, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा तर पत्त्यापर्यंतही पोहोचले नाही. घंटा झाली की मुलींच्या हातातून पेपर ओढून घेणारी बाई मी. ती मागे फेऱ्या मारत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी भैयाजींना फोन करून ती मर्यादा काढायला सांगितली. "आज शाम तक हो जाएगा, आंटीजी." शाम म्हणजे पाचनंतर. मी म्हटलं, "राहू दे, त्या मुलीचा फॉर्म मी घेते फोनवर. जागा तर मिळेल."

"एकीला मागच्या दाराने घ्याल," ती म्हणाली. "बाकीच्या किती चार वेळा भरून गप बसल्या, तुम्हाला काय माहीत? त्यांनी फोन नाही केला."

"मग काय करू?"

"तारीख वाढवा. सगळ्यांसाठी."

"समितीला कारण द्यावं लागेल."

"अच्छा," ती म्हणाली. "कारण तर आहे ना तुमच्याजवळ?"

अध्यक्षांनी दोन दिवस वाढवून दिले. भला माणूस. फोनवर म्हणाले, "वहिनी, तांत्रिक कारणास्तव, एवढंच लिहा. कोण विचारतंय?" मी पेन उघडून बराच वेळ बसले. मग ठराव-वहीत लिहिलं: फॉर्मची वेळमर्यादा सचिवांनी ठेवली होती. ती चूक होती. त्यामुळे काही मुलींना फॉर्म भरता आला नाही. खाली सही केली. तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अक्षर कसं आहे तुमचं?" मी म्हटलं, आज जरा वाकडं आलंय.

शहपुऱ्याच्या मुलीने दुसऱ्या दिवशी स्वतः फॉर्म भरला. किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. गुण चांगले होते, जागा मिळाली. त्या दोन दिवसांत आणखी चार फॉर्म आले. एकीचा हात लहानपणापासून अधू होता. बाकी तिघींना काहीच अपंगत्व नव्हतं, फक्त त्यांच्या गावात नेट टिकत नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा वाटलं, आता तरी ती खुश होईल. ती म्हणाली, "काकू, तुमची कालची नोटीस कागदाचा फोटो काढून चढवली आहे. मला वाचता नाही येत. टाइप करा."

मी तिचं नाव वेबसाइटवर टाकणार होते. तिने टाकू दिलं नाही. "नाव टाकलं की लोकांना वाटते काम संपलं." म्हणून इथेही लिहीत नाही.

पुढच्या वर्षी ती येईनाशी झाली. दोनदा फोन उचलला, घाईत होती, मागे आवाज भरधाव बोलत होता. मग तो नंबर बंद झाला. मी गोरखपूरला खोलीवर गेले. घरमालकीण म्हणाली, "वो तो गईं, माताजी. बड़े शहर में काम मिल गया, सामान भी खुद ही बाँधा." कोणतं शहर, तिला माहीत नव्हतं. जिना उतरताना मी पायऱ्या मोजल्या. सतरा होत्या, कठडा नव्हता.

मला तिला बऱ्याच गोष्टी विचारायच्या आहेत. अजून काय चुकतंय, हे सांगणारं आता कोणी नाही, आणि काही चुकत नसेल असं मला वाटत नाही.

शहपुऱ्याची मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, वरच्या मजल्यावर राहते. प्रवेशाचा फॉर्म तोच आहे. त्याला वेळेची मर्यादा नाही.