जंतूंशी उभं वैर

मॅडम काचेच्या बशीत उगवलेल्या जंतूंना शिव्या घालायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात! बेलापूरच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, मूळच्या नावडे गावच्या. संतापल्या की पदव्या खुंटीला टांगून गावची बोली काढायच्या. "मेल्या, परत आलास? लाज नाय तुला?" खिडकीशी कफाची डबी घेऊन उभा असलेला मी दचकायचो. शिवी मला नसायची. बहुधा.

माझ्या लेकीला, मुक्ताला, जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट, त्यात जंतूंची चैन. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळून मारतात, हे शाळेतलं ज्ञान मी एकदा ऐटीत पाजळलं.

"गिळतात ना, साहेब," मॅडम कडाडल्या. "पन एक जात अशी हाय, या गिळनाऱ्या पोलिसाच्याच पोटात शिरते आनि तिथंच खोली घेते. करार नाय, भाडं नाय. औषध बाहेर शोधतंय, हा आत पाय पसरून! वाढला की चौकी फोडून बाहेर."

ही जात कळंबोलीच्या ओंकारच्या छातीत होती. त्यालाही तोच आजार. मुक्ताची नि त्याची फोनवर गट्टी. मुक्ताच्या कफाच्या बशीत मात्र ती जात अजून उगवली नव्हती.

आम्हा पालकांना हौस दांडगी! या आजाराची मुलं एकटी पडतात म्हणून संक्रांतीला सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं संमेलन ठरवलं. मॅडमना मानानं बोलावलं. त्या आल्या आणि दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"तिळगूळ कसला वाटताय? जंतू वाटताय! याच्या खोकल्यातून तिच्या छातीत. ओंकार, बाळा, तू घरी जा. मुक्ता, मागच्या दारानं."

"काय खडूस बाई आहे!" कुणीतरी कुजबुजलं.

"मोठ्यानं बोला, मी बहिरी नाय."

दोघा पोरांनी लांबून हात हलवले, तेवढंच.

उन्हाळ्यात ओंकार गेला. मुक्तानं मॅडमशी बोलणं टाकलं. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी तिला बळेच नेलं, आभार मानायला. तिनं मानले ते असे: "तुम्ही दुष्ट आहात! एकदाच भेटायचं होतं मला त्याला, एकदाच, आणि तुम्ही दार अडवलंत, तुम्हाला माणसं कळतच नाहीत, फक्त जंतू कळतात!"

मी ओशाळून पुढं सरलो. मॅडमनी हातानं अडवलं. डोळे भरलेले, पण मान किंचित कलती, कान तिच्या श्वासाकडं.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "एवढं भांडली. एकदा तरी खोकली का?"