हवालदाराचा पांढरा

धाकू परबने आयुष्यभर फाटकं सांभाळली. आधी गिरणीचं, नंतर घाटकोपरच्या एका सोसायटीचं. त्याच फाटकासमोर, भर दुपारी, डबा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या त्याच्या बायकोला, सुलक्षणाला, टेम्पोने उडवलं. टेम्पो थांबला नाही. पाहणारा धाकू एकटाच.

हॉस्पिटलात ती गेली. तिथेच हवालदाराने जबाब घेतला. "टेम्पो पांढरा होता ना?"

"होय," धाकू म्हणाला. त्या वेळी तो कशालाही होयच म्हणाला असता.

महिन्याने मिथुन नावाचा ड्रायव्हर सापडला. टेम्पो पांढरा, पुढचा दिवा फुटलेला. एवढंच. पुरवणी जबाब घ्यायला उपनिरीक्षक अस्मिता साने बसल्या.

"काका, मी मध्ये बोलणार नाही. डोळे मिटा, फाटकावर उभे राहा. दिसेल, ऐकू येईल ते सांगा. बिनकामाचं वाटलं तरी."

धाकूने डोळे मिटले. "खुर्चीचो पाय हलता. कोण तरी फोडणी देता. ही येता. चपलेचो अंगठो तुटलो हा, पिन लावलेली. मी म्हटलंय, नवी घे. तर म्हणता, तुमका बायको पण नवी व्हयी काय."

"आता शेवटापासून मागे या."

"डबो पडलो हा. त्याच्या आधी तिचो हात. त्याच्या आधी..." तो अडखळला. "हवालदार."

"रस्त्यावर?"

"टेंपोच्या जागेर. इचारता, पांढरो ना." त्याने डोळे उघडले. "मॅडम, ह्यो रंग माझो नाय."

अस्मिताबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं तर मिथुन सुटेल, काका. दुसरा धागा नाही."

"मगे तुमीच सांगा, रंग खयचो व्हतो?"

"ते मी सांगायचं नसतं."

त्याने पुन्हा डोळे मिटले. पुन्हा. दर वेळी पिन जास्त स्पष्ट, तिच्या हाताच्या शिरासुद्धा. आणि मध्ये तो टेम्पो, पुसून ठेवल्यासारखा पांढरा, नंबर नसलेला.

"लिवा," शेवटी तो म्हणाला. "रंग आठवत नाय."

मिथुन सुटला. काही महिन्यांनी पोलिसांचं पत्र आलं: गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही, तपास बंद. मुलाने, सुशांतने, ते वाचलं आणि टेबलावर टाकलं.

"एक शब्द बोलायचा होता, बाबा. पांढरा. मिथुनच असेल तो."

"असात," धाकू म्हणाला. पत्राची घडी घालत म्हणाला, "नसात पण."

सुशांत उठून आत गेला. त्यानंतर तो बापाशी कामापुरतंच बोलतो.