हत्तीखान्यातले इंजिन

तात्या दरोगा मोटारीच्या मागून कधीच गेले नाहीत. पलीकडच्या भिंतीवरचा कंदील आणायचा असला तरी ते समोरून वळसा घालीत, जाता जाता बॉनेटवर थाप मारीत आणि मगच पुढे सरकत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो नेमका मागच्या दाराने. ते ओरडले, "अहो मास्तर, मागनं नका येऊ! कुणी आलं तर तिला दिसायला पाहिजे." मोटार बंद होती. तिचे इंजिनसुद्धा त्या दिवशी जागेवर नव्हते. ते शेजारी गोणपाटावर उघडे पडले होते. मी हे त्यांच्या नजरेस आणले. "म्हणूनच तर," तात्या म्हणाले. "आधीच बिचारी घाबरलेली आहे."

ही देवासची गोष्ट आहे, मोटारी नव्या होत्या आणि संस्थाने जुनी होती तेव्हाची. एका गावात राजघराण्याच्या दोन पात्या, म्हणून दोन गाद्या, दोन दरबार, दोन कारभारी, आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाला सलाम करायची दुप्पट संधी. मी कोणत्या पातीच्या शाळेत इंग्रजी शिकवीत होतो ते सांगत नाही. दोन्हीकडच्यांची नातवंडे अजून गावात आहेत. आमच्या पातीकडे एक म्हातारा हत्ती होता आणि तात्या त्याचे दरोगा होते. हत्ती वारला. दरबाराने मोटार घेतली, ती रिकाम्या हत्तीखान्यात उभी केली, आणि हत्तीखान्याबरोबर तात्याही मोटारीकडे गेले. हुद्दा तोच, पगडी तीच, फक्त उसाच्या मोळीऐवजी पेट्रोलचे डबे.

तात्या विधुर होते, मूलबाळ नव्हते. हुद्द्याबरोबर हत्तीखान्यामागच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या. हुद्दा गेला तर त्या जाणार आणि मग धारला पुतण्याकडे राहायला जाणे एवढेच उरणार. पुतण्या चांगला होता, पण तात्या त्याचे नाव काढले की तोंड वाकडे करीत. "धारेत काय आहे? ओसरीवर पथारी, आणि दिवसभर 'काका, जरा सरका, काका, जरा सरका.' इथं निदान मी दुसऱ्याला सरकवतो."

नम्रपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. इंग्रजी येत नसले तरी इंग्रजी यंत्राच्या मनातले आपल्याला कळते, असे ते सर्वांना सांगत. निम्म्या वेळा त्यांचे अनुमान साफ चुके. दुसऱ्या दिवशी ते तेवढ्याच जोराने नवे अनुमान मांडीत. पण एखादी गोष्ट का होते ते कळेपर्यंत या माणसाला जेवण गोड लागत नसे, आणि माझे त्यांच्याशी जमले ते त्यामुळेच.

मोटार मूळची बसायची. दरबाराची हौस फिटल्यावर मागची बैठक कापून तिथे फळ्यांचा हौदा ठोकला, आणि ती टोंकखुर्द, पीपलरावां या गावांपर्यंत औषधांच्या पेट्या नि सरकारी तंबू वाहू लागली. एका उन्हाळ्यात तिचे पाणी आटले आणि इंजिनाला तडा गेला. त्याच सुमारास दुसऱ्या पातीची मोटार एका कडुनिंबावर आदळली. तिचा सांगाडा वाकला, इंजिन मात्र धडधाकट राहिले. ते इंजिन या मोटारीत बसवावे, हे दोन शहाण्या माणसांनी पानाच्या एका विड्यात ठरवले असते. दोन दरबारांना अख्खा पावसाळा लागला. इंजिन भेट म्हणून द्यायचे की उसने? उसने घेतल्याने कुणाची गादी खाली येते? अर्धी मोटार त्यांची झाल्यावर पुढे निशाण कुणाचे लावायचे? शेवटी इंजिन उसने आणि निशाण कुणाचेच नाही, असे ठरले. इंजिनाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती वाचून दाखवायला मला बोलावले.

पुस्तिकेत इंजिन बदलण्याबद्दल एक अक्षर नव्हते. आपले इंजिन कुणी दुसऱ्या मोटारीत घालील अशी कल्पनाच कारखानदाराला नसावी. जे केले ते तात्यांनी आणि ड्रायव्हर करीमभाईने अंदाजाने केले. करीमभाई जन्माने इंदूरचा, बोलीने माळव्याचा. नवे इंजिन लांबट निघाले. लोहाराकडून ते अडकवायला लोखंडी कान करून आणले, खाली शिसवीचे ठोकळे दिले. पंखा पाण्याच्या टाकीला घासू लागला, म्हणून टाकी पुढे सरकवली. मग बॉनेट बसेना, म्हणून ते हत्तीच्या कातडी पट्ट्याने बांधले. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात करीमभाईने हँडल मारले आणि इंजिन असे एकसुरात चालू लागले की तात्यांनी पगडी काढून कान लावला. "ऐका मास्तर. खर्जात बोलतेय."

दसरा झाला आणि मोटार थांबू लागली.

थांबण्याची तऱ्हा मोठी विचित्र होती. गावाबाहेर चांगली निघे, कोसभर नीट धावे, मग दोन आचके देई आणि गप्प. करीमभाई हँडल मारून घामाघूम झाला तरी दाद देत नसे. मग आम्ही झाडाखाली बसायचो, करीमभाई बिडी ओढायचा, आणि बिडी संपल्यावर सहज हँडल मारावे तर काही घडलेच नाही अशी ती चालू! पुन्हा कोसभर, पुन्हा मौन.

"नाराज हे, तात्यासाब," करीमभाई म्हणाला. "बिडी पीने देती हे, काम नी करने देती."

तात्यांचे पहिले अनुमान ऊन. सकाळी नेली, तरी थांबली. दुसरे अनुमान ठोकळे. ते बदलले, तरी थांबली. तिसरे पुस्तिकेतले, म्हणजे माझे. आम्ही प्लग पुसले, तारा तपासल्या, आणि मोटार पूर्वीच्याच शिस्तीने थांबली.

गावात मात्र कारण सर्वांना माहीत होते. एक दिवस आमच्या पातीचे कारभारीसाहेब छत्रीवाला मागे घेऊन स्वतः हत्तीखान्यात आले. "त्या पातीचं इंजिन आपल्या गाडीत राबणार नाही, हे मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं," ते म्हणाले. "तात्या, इंजिन आमच्या गाडीला मानवत नाही, एवढं दरबारात सांगा. ते मानाने परत करू, ही भंगारात काढू आणि मुंबईहून नवी मोटार आणवू. दरोगा अर्थात तुम्हीच."

"आणि इंजिनात दोष नसला तर?"

"दोष नाही तर थांबतं कशाला?"

"तेच तर मला बघायचंय," तात्या म्हणाले. कारभाऱ्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली.

त्यानंतर तात्यांनी अनुमाने बंद केली. ते नुसते बघत बसू लागले. एकदा टोंकखुर्दच्या रस्त्यावर मोटार थांबल्याबरोबर ते मला म्हणाले, "मास्तर, जनावर थांबतं ते दमून किंवा उपाशी. ही दमलेली असती तर मंदावत मंदावत थांबली असती. ही घास मागून थांबते." त्यांनी करीमभाईला तिथल्या तिथे पेट्रोलची नळी सोडायला लावली. पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली होती. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरायचे. टाकी भरलेली असून नळीतून थेंब पडेना. आम्ही तिघे वाकून बघत राहिलो. थोड्या वेळाने, कुणी हात न लावता, एक थेंब आला, मग दुसरा, मग धार लागली. मग धार बारीक होत होत पुन्हा बंद.

"आत कुणीतरी दार लावतंय," तात्या हलक्या आवाजात म्हणाले. मी इतका आनंदित चेहरा क्वचित पाहिला आहे.

हत्तीखान्यात येऊन टाकी उतरवली आणि पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळले. फडक्यावर आपट्याचे एक पान उरले. धार लागली की ते ओढले जाऊन भोकावर बसायचे, मोटार थांबली की हळूहळू सुटून वर तरंगायचे.

"तात्यासाब," करीमभाई म्हणाला, "यो तो दसरे को सोनो हे."

तात्या पायरीवर बसले. त्यांना विचारावे लागले नाही. दर दसऱ्याला ते हत्तीला सोने देत. पहिले पान त्याच्या तोंडात घालीत, मग गावाला वाटीत. यंदा पूजा झाल्यावर त्यांनी सवयीने टाकीचे झाकण उघडून पान आत घातले होते. "तो खायचा हो," ते म्हणाले. "चावून, डोळे मिटून खायचा."

मी ते पान उचलले आणि तात्यांच्या खोलीतल्या चुलीकडे बोट दाखवले. "तात्या, आपण तिघेच आहोत. पेट्रोलात कचरा होता, एवढं सांगा. नाहीतर कारभारी म्हणतात तसं म्हणा. नवी मोटार येईल, तुम्ही राहाल."

"आणि हिचं काय?"

"भंगारात."

"मास्तर, मोठमोठी पुस्तकं वाचता आणि मला हे सांगता?" ते उठले. "कचरा म्हटलं तर करीमचं नाव येईल. आणि ही तर मुकं जनावर आहे. मी घास चुकीचा घातला आणि नाव तिचं खराब करू?"

दुसऱ्या दिवशी ते पगडी नीट बांधून कारभाऱ्यांकडे गेले आणि भर कचेरीत पान मेजावर ठेवून सगळे सांगितले. मी दाराशी होतो. आधी एक कारकून हसला, मग सगळे हसले. कारभारीसाहेब हसले नाहीत. त्यांची नवी मोटार त्या पानाखाली गेली होती, आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पातीत हे कळून तिकडेही हसू होणार होते. दोन्ही गोष्टींची भरपाई कुणाकडून तरी व्हायला हवी होती. "म्हणजे मोटार निर्दोष आहे," ते म्हणाले. "मोटार राहील. दरोगा बदलावा लागेल."

"मोटार राहील ना?" तात्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

दिवाळीनंतर त्यांचे सामान धारला पोचवायला तीच मोटार मिळाली. एवढी मेहेरबानी करीमभाईने हट्ट करून मिळवली. हौद्यात एक ट्रंक, एक पथारी आणि तांब्याचा हंडा. मी सोबत गेलो. इंदूर मागे पडले, बेटमा मागे पडले. मोटार एकदाही अडली नाही, आचका नाही, खोकला नाही. तात्या पुढे बसून रस्त्याकडे बघत होते. घाटाबिल्लोदला चंबळ दिसू लागली तसे ते म्हणाले, "करीम, जरा थांबव."

"अब कायको, तात्यासाब? तबीयत से चल री हे."

"थांबव म्हटलं ना."

ते उतरले आणि नदीकाठी एका दगडावर बसले. धार आता फार लांब नव्हते. आम्ही त्यांना हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने ते धोतर झटकत परत आले आणि करीमभाईला त्यांनी मानेने खूण केली. हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झाले.

"बघा," तात्या माझ्याकडे वळून म्हणाले. "तिला काही झालंच नव्हतं."