भेगेवरची पट्टी

राजूरच्या वर डोंगरात मरिया भिंगारदिवे बाईंची शाळा आहे. पोरांनी बघून, मोजून शिकावं हा त्यांचा हट्ट. प्रशिक्षणाहून आल्या आणि वर्गाच्या भिंतीतल्या भेगेवर त्यांनी पोरांकडून कागदाची पट्टी चिकटवून घेतली. भेग रुंदावली की पट्टी फाटते. पोरं भेग मोजतात, नवी पट्टी लावतात. शिक्षण परिषदेत बाईंनी हे मांडलं. साहेब म्हणाले, "उत्तम उपक्रम." आम्ही शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीचं काय, हे एकानंही विचारलं नाही.

आधी पट्टी महिनाभर टिकायची. आज सकाळी लावलेली परिपाठ संपायच्या आत फाटली. बाईंनी पोरं बाहेर काढली, तोच साहेबांचा फोन आला, "उपक्रम बघायला पाहुणे निघालेत. पोरांना भिंतीजवळच बसवून ठेवा."